लंडनला दुसऱ्यांदा जातोय, आता काय बघावं?

अबोली_नाशिक
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये लंडनला जायचं नक्की झालंय, नणंदेकडे हॅरोला उतरणार. मागे टूर कंपनीबरोबर युरोप केलं होतं त्यात लंडन झालंय, म्हणजे टॉवर ब्रिज, बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ, बकिंगहॅम पॅलेसचं गेट आणि ब्रिटिश म्युझियम धावतपळत. बस थांबली की उतरा, फोटो काढा, चढा. त्यामुळे यादी सगळी पूर्ण आणि शहर काही कळलेलंच नाही असं झालंय. यावेळी घाई नाही. नणंद आणि तिचे यजमान दोघंही कामावर जातात त्यामुळे दिवसभर आम्ही आमचेच.

बरोबर सासूबाई आहेत, पंच्याहत्तरीच्या आहेत, वाचन दांडगं, सगळ्यात उत्साही त्याच, पण गुडघे त्रास देतात, सलग फार चालवत नाही आणि जिने शक्यतो नकोत. मिस्टर कोर्टात नोकरीला होते, आता रिटायर. शॉपिंगमध्ये आम्हा तिघांनाही रस नाही. दुसऱ्यांदा गेलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी सांगा, काय बघावं?

भटकभवानी
एकदा लंडन झालंय तर परत तेच कशाला? विंडसर, ऑक्सफर्ड, बाथ, केंब्रिज करा. सगळीकडे ट्रेनने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. बाथला रोमन लोकांची स्नानगृहं आहेत ती बघायलाच हवीत.

चहाबाज
ऑक्सफर्डला +१

टेम्सकाठी
भटकभवानी, बाथ सुंदरच आहे, पण अबोलीताईंनी स्वतःच लिहिलंय की लंडन कळलेलं नाही. मी इथे बरीच वर्षं राहते, घरी येणारे पाहुणे दुसऱ्या खेपेला हमखास बाहेरगावी पळतात आणि ज्या शहरात मुक्काम आहे ते तसंच राहतं. माझं म्हणणं असं की एका दिवसाला एकच भाग धरा, तोही अर्धा दिवस, आणि तिथे आपली अशी एखादी ओळख काढा. आपल्या मराठी माणसांना लंडनमध्ये ती ओळख काढायला फार शोधावं लागत नाही.

मी तुमच्यासाठी पहिला दिवस सांगते. नणंदेच्या घरापासून हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशन जवळ असेल तर तिथून बेकरलू लाईन थेट वॉरिक अव्हेन्यूला जाते, मधे बदलायची नाही. वर आलात की चार पावलांवर हाऊली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळकांची. १९१८-१९ मध्ये ते इथे राहिले. व्हॅलेंटाईन शिरोल या इंग्रज पत्रकारावर त्यांनी बदनामीचा खटला भरला होता त्यासाठी आले होते, खटला हरले, खर्च प्रचंड झाला, पण तेवढ्या दिवसांत स्वराज्याची बाजू इथल्या लोकांपुढे मांडत राहिले, पार्लमेंटच्या समितीपुढेही साक्ष दिली. घरात लोक राहतात, त्यामुळे आत जायचा प्रश्न नाही, फुटपाथवरून बघायचं.

तिथून खाली उतरलं की लगेच लिटल व्हेनिस, म्हणजे दोन कालवे मिळतात ती जागा. लांबट होड्यांमध्ये माणसं राहतात, छतावर कुंड्या, सायकली, सरपण रचलेलं. इथून रीजंट्स कॅनॉलच्या काठाने कॅम्डनपर्यंत चालत जाता येतं, साधारण चार किलोमीटर, बहुतेक सपाट. आणि सासूबाईंसाठी खास गोष्ट म्हणजे याच कालव्यातून प्रवासी बोट जाते, लिटल व्हेनिस ते कॅम्डन लॉक, पाऊण तासाच्या आसपास. सप्टेंबरात चालू असतात, वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. बोट एका लांब अंधाऱ्या बोगद्यातून जाते, मग रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयाच्या अगदी मधून.

चालणाऱ्याने मात्र एक पूल थांबून बघावा. मॅकल्सफील्ड ब्रिज. १८७४ मध्ये दारूगोळा घेऊन जाणारी एक होडी नेमकी याच्या खाली उडाली, तीन माणसं गेली, पूल कोसळला. लोखंडी खांब मात्र शाबूत होते, तेच परत उभे केले, पण फिरवून. तेव्हा होड्या काठावरून घोडे ओढायचे, दोर घासून घासून खांबांना खाचा पडायच्या. खांब फिरवल्यामुळे स्फोटाआधीच्या खाचा एका बाजूला आणि नंतरच्या दुसऱ्या बाजूला. हात लावून बघा, बोट आत जातं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कॅम्डनच्या अलीकडे कालवा सोडून प्रिमरोज हिलकडे वळलं, टेकडीच्या कडेने पलीकडे गेलं की किंग हेन्रीज रोड लागतो. १० नंबरचं घर, डॉ. आंबेडकरांचं. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना ते इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आत स्मारक केलंय. म्हणजे एका सकाळी टिळकांच्या दारातून निघायचं आणि दुपारी बाबासाहेबांच्या दारात पोचायचं, मधे फक्त कालवा. दोघांच्या इथल्या वास्तव्यात जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर आहे. मला हा रस्ता चालताना प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी सुचतं, आपल्या इतिहासातल्या दोन केवढ्या वेगळ्या वाटा आणि पत्ते इतके जवळ.

कोकणकडा
टेम्सकाठी, काय सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

आंबेडकर हाऊसबद्दल थोडी भर. मधे त्यावर गंडांतर आलं होतं. तिथल्या कौन्सिलने म्युझियमला परवानगी नाकारली, राहत्या वस्तीत म्युझियम नको असं म्हणणं होतं, मग अपील झालं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. त्यामुळे आत जाताना शेजाऱ्यांचं भान ठेवा, रस्त्यावर मोठ्याने गप्पा, घोळका असं नको.

अबोली_नाशिक
टेम्सकाठी, डोळ्यात पाणी आणलंत. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बाकी काही नाही झालं तरी चालेल, हा दिवस करायचाच. त्यांना बोटीत बसवून मी बरोबर राहीन आणि मिस्टर काठाने चालत येतील. एक शंका, कॅम्डन लॉकला बोटीतून उतरल्यावर किंग हेन्रीज रोडपर्यंत सासूबाईंना कसं न्यायचं?

टेम्सकाठी
चॉक फार्मकडे जाणारी बस घ्या, थोडेच स्टॉप आहेत, उतरून पाच-सात मिनिटं. लंडनच्या सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत, दाराशी रॅम्प असतो, पुढच्या सीट वयस्कर लोकांना सोडतात. वॉरिक अव्हेन्यूला लिफ्ट नाही पण सरकते जिने आहेत, ते चालत असतील तर ठीकच. प्रिमरोज हिलवर चढायला नको, पण वेळ असेल आणि हवा स्वच्छ असेल तर तुम्ही दोघं आळीपाळीने वर जाऊन या, अख्खं शहर समोर दिसतं, सेंट पॉल्सचा घुमट सुद्धा.

कोकणकडा
याच धर्तीवर दुसरा दिवस हायगेट. ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू म्हणजे इंडिया हाऊस. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह म्हणून सुरू केलं आणि १९०६ मध्ये सावरकर इथे राहायला आले. त्यांच्या नावाची पाटी आहे. हेही खाजगी घर आहे, बेल वाजवू नका (वाजवणारे बघितलेत म्हणून सांगतोय).

तिथून जवळच हायगेटची दफनभूमी, कार्ल मार्क्सची कबर तिथलीच, तिकीट आहे. उतार आहे आणि वाटा कच्च्या आहेत, त्यामुळे सासूबाईंनी शेजारच्या वॉटरलो पार्कमध्ये बाकावर बसावं हे उत्तम. तो बाग मला दफनभूमीपेक्षा आवडतो.

दिवस उरला तर बसने केनवूड हाऊसला जा, हॅम्पस्टेड हीथच्या वरच्या टोकाला. जुना वाडा आहे, प्रवेश फुकट, आणि आत रेम्ब्रांटचं म्हातारपणीचं स्वतःचं चित्र आणि फर्मेअरची गिटार वाजवणारी मुलगी. नॅशनल गॅलरीत अशा चित्रापुढे डोकीच दिसतात, इथे खुर्ची टाकल्यासारखं निवांत बघता येतं.

निवृत्त_वकील
मिस्टर कोर्टातले म्हणालात म्हणून लिहितो. पार्लमेंट स्क्वेअरवर सुप्रीम कोर्टाची इमारत आहे, बहुतेक पर्यटक बिग बेनचा फोटो काढून तिला पाठ दाखवून जातात. कुणालाही फुकट आत जाता येतं, सिक्युरिटी तपासणी होते तेवढीच. प्रिव्ही कौन्सिलही २००९ पासून इथेच बसते. १९४९ पर्यंत आपल्याकडच्या हायकोर्टांची शेवटची अपिलं याच प्रिव्ही कौन्सिलकडे यायची, तेव्हा ती डाउनिंग स्ट्रीटवर भरायची. ज्यांनी आयुष्यभर जुन्या निकालांत प्रिव्ही कौन्सिलचे हवाले वाचलेत त्यांना त्या दालनात उभं राहून जे वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण सप्टेंबरात कोर्टाची सुट्टी असते, नवीन टर्म ऑक्टोबरच्या सुरुवातीला. इमारत बघता येईल, सुनावणी बहुधा नाही मिळणार.

सुनावणीच बघायची असेल तर ओल्ड बेली. फौजदारी खटले, सप्टेंबरातही चालू असतात, पब्लिक गॅलरीत कुणालाही बसता येतं. मोबाईल, बॅग, खाणं काहीही आत चालत नाही आणि ठेवायची सोय तिथे नाही, म्हणून ते घरीच ठेवून जावं. जिने बरेच आहेत. मिस्टरांनी एकट्याने सकाळ काढावी.

आणि ग्रेज इन, म्हणजे बॅरिस्टरांची जुनी संस्था. हॉलबर्नजवळ. आंबेडकर इथूनच बॅरिस्टर झाले. सावरकरांनीही इथेच शिक्षण पूर्ण केलं पण त्यांच्या राजकारणामुळे त्यांना सनद दिली नाही. बाग कामाच्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी सगळ्यांना खुली असते. मोठी झाडं, मऊ हिरवळ, वकील मंडळी डबे घेऊन बसलेली. टेम्सकाठींनी वर दिलेल्या रस्त्याला हे जोडून बघा.

वाचनवेडी
ग्रेज इनला गेलात तर तिथून दहा-पंधरा मिनिटांवर लिंकन्स इन फील्ड्सला सर जॉन सोन यांचं घर आहे ते चुकवू नका. बँक ऑफ इंग्लंडचे आर्किटेक्ट. स्वतःच्या हयातीत, १८३३ मध्ये, पार्लमेंटकडून कायदा करून घेतला की घर आहे तसंच ठेवायचं आणि लोकांना फुकट दाखवायचं. म्हणून आजही तसंच आहे, भिंतभर मूर्ती, आरसे, कोनाडे, तळघरात इजिप्तच्या राजाची शवपेटी. चित्रांच्या खोलीत भिंतीच कपाटाच्या दारासारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं! सोमवार-मंगळवार बंद. खोल्या अरुंद आहेत आणि जिने आहेत, सासूबाईंना खालचा मजला तरी नक्की दाखवा.

आणि माझी सगळ्यात लाडकी जागा सांगते, पोस्टमन्स पार्क. सेंट पॉल्सपासून पाच मिनिटं. छोटीशी बाग, एका बाजूला लाकडी पडवी आणि तिच्या भिंतीवर टाइल्स. प्रत्येक टाइलवर एका साध्या माणसाचं नाव, दुसऱ्याचा जीव वाचवताना जो गेला. चित्रकार जॉर्ज वॉट्सने ही कल्पना मांडली, १९०० मध्ये ती उघडली. ॲलिस एअर्सची टाइल शोधा. मजुराची मुलगी, १८८५ मध्ये आग लागलेल्या घरातून तीन मुलांना वाचवलं आणि स्वतः गेली. कुणी बुडणाऱ्या मित्राला काढताना गेलं, कुणी विषारी वायूत उतरलेल्या सोबत्यासाठी. लंडनभर सेनापतींचे पुतळे आहेत, मी दर वेळी इथे मात्र जास्त वेळ उभी राहते. पूर्ण सपाट आहे, बाक आहेत, तिकीट नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सेंट पॉल्समध्ये इव्हनसाँग असतं म्हणजे सायंप्रार्थना. एरवी आत जायला भरपूर तिकीट आहे, प्रार्थनेला बसायला नाही. फोटो काढायचे नाहीत, शांत बसायचं. घुमटाखाली मुलांचा आवाज चढतो तेव्हा सासूबाई खूश होतील बघा.

भटकभवानी
मान्य, माझं मत बदललं. बाथ पुढच्या वेळी ठेवा.

सांजपाखरू
ब्रिटिश म्युझियमला परत जाणार असाल तर एक सांगते. आत शिरल्यावर काचेच्या छताखाली मोठं अंगण आहे ना, त्याच्या मधोमध ती गोल पांढरी इमारत, ती जुनी रीडिंग रूम. आंबेडकर दिवसदिवसभर जिथे वाचत बसायचे ते वाचनालय. टूरबरोबर गेलेले आपण सगळे तिला वळसा घालून ममी बघायला जातो, तुम्हीही गेला असणार. यावेळी एकच दालन धरा, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघा (आंध्रातली अमरावती), आणि बाहेर या. सगळं म्युझियम बघायच्या नादात सासूबाईंचे गुडघे आणि तुमचा दिवस दोन्ही जातील.

अबोली_नाशिक
सांजपाखरू, खरंच वळसा घालूनच गेलो होतो! आमच्या गाइडने ममीकडे नेलं आणि बाहेर काढलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन प्रश्न. एक, प्रवासाचा पास कुठला काढावा, सीनियरला सवलत असते का? दुसरा, मागच्या वेळेनंतर शहरात नवीन काय झालंय?

चहाबाज
पास काढू नका. बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड गेटला टेकवायचं, दिवसभराची एक कमाल मर्यादा आपोआप लागते, त्यापेक्षा जास्त कापत नाहीत. मात्र तिघांना तीन वेगळी कार्डं लागतात आणि जाताना-येताना तेच कार्ड टेकवायचं, एकदा फोन एकदा कार्ड असं केलं तर हिशोब चुकतो. भारतातल्या कार्डावर परकीय चलनाचा चार्ज लागतो, तो जास्त असेल तर तिथे ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड घ्या. साठीच्या पुढच्यांना फुकट प्रवास आहे तो तिथल्या रहिवाशांना, पाहुण्यांना नाही, नणंदबाईंकडे कुणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. बसचं भाडं एकच, कितीही लांब जा, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे नाहीत. सासूबाईंसाठी बसच बरी, वरच्या मजल्यावर नाही बसता आलं तरी खालून शहर दिसतं, भुयारात काय दिसणार.

टेम्सकाठी
नवीन म्हणाल तर सगळ्यात मोठी एलिझाबेथ लाईन, मे २०२२ ला सुरू झाली. मधल्या भागातल्या सगळ्या नव्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, गाड्या दोनशे मीटर लांब, एसी. गुडघेवाल्यांसाठी वरदान आहे. बॅटरसीचं जुनं वीजकेंद्र दुरुस्त करून उघडलंय पण आत बरीचशी दुकानंच, तुम्हाला रस नाही तर बाहेरून बघा.

मी सांगेन ते व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमचं नवीन कोठार, पूर्वेला ऑलिंपिक पार्कमध्ये, मे २०२५ ला उघडलं. म्युझियमचा लाखो वस्तूंचा साठा जिथे ठेवतात ती वखारच लोकांना खुली केलीये, फुकट. रॅकवर खुर्च्या, मूर्ती, कापडं, आणि तिथे काम करणारी माणसंही दिसतात. आग्र्याच्या किल्ल्यातल्या शाही हमामाचे संगमरवरी खांब आणि कमानी तिथे उभ्या केल्यात. आधीपासून नोंदणी केली तर साठ्यातली एखादी वस्तू आपल्यासाठी काढून दाखवतात. सासूबाईंना जुन्या साड्या-कापडांची आवड असेल तर नणंदेला सांगून आत्ताच नोंदणी करा. लिफ्ट आहे.

एक जुनी माहिती खोडते, बऱ्याच पुस्तकांत म्युझियम ऑफ लंडनचा पत्ता लंडन वॉलचा आहे, ती इमारत डिसेंबर २०२२ ला बंद झाली. डॉकलँड्सची शाखा चालू आहे. ती साखरेच्या जुन्या गोदामात आहे आणि साखर, गुलामांचा व्यापार, बंदरातले मजूर यांचा इतिहास तिथे नीट सांगितलाय. तिथून ड्रायव्हर नसलेल्या डीएलआर गाडीत अगदी पुढच्या सीटवर बसून आयलंड गार्डन्सला जा. टेम्सच्या खालून पायी जायचा बोगदा आहे, १९०२ चा, पलीकडे ग्रिनिच. गोदी कामगारांना नदी ओलांडून कामावर जाता यावं म्हणून बांधलेला. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे पण बंद पडते, म्हणून आधी चौकशी करा, नाहीतर सासूबाईंना तीच डीएलआर पुढच्या स्टेशनला सोडते, नदी ओलांडूनच.

रानजाई
झाडांची आवड आहे का कुणाला? मग क्यू गार्डन्स. तिकीट महाग आहे पण दिवसभर पुरतं, आत फिरवायला छोटी गाडीही असते. काचेची हरितगृहं सगळेच बघतात, तुम्ही मारिआन नॉर्थ गॅलरीत जा. ही बाई एकटी जगभर फिरली, १८७७ ते ७९ भारतातही होती, जाईल तिथली झाडं-फुलं जागेवर बसून रंगवली. १८८२ ला स्वतःच्या खर्चाने ही गॅलरी उघडली, आठशेच्या वर चित्रं, भिंतीचा इंचही मोकळा नाही. आपली ओळखीची झाडं त्यात शोधत बसले होते मी.

कोकणकडा
गणपती त्याच सुमारास येत असतील तर महाराष्ट्र मंडळ लंडनला जाऊन या, डॉलिस हिल लेनला स्वतःची वास्तू आहे, हॅरोहून फार लांब नाही. १९३२ पासूनचं मंडळ आहे. आरतीला उभे राहिलात की ओळखी निघतात, आणि इथे जन्मलेली पोरं अथर्वशीर्ष म्हणताना ऐकायला मिळतात. नीस्डनचं स्वामिनारायण मंदिरही त्याच बाजूला आहे, १९९५ चं, दगड युरोपचा आणि कोरीवकाम भारतात करून आणलेलं. दोन्ही एका दिवसात होईल.

निवृत्त_वकील
दादाभाई नवरोजी सांगायचे राहिले. १८९२ ला सेंट्रल फिन्सबरीतून निवडून पार्लमेंटात गेले. दक्षिणेला ॲनर्ली पार्कमध्ये ७२ नंबरच्या घरावर २०२२ मध्ये त्यांची पाटी लावलीये. लांब पडेल, पण यादीत असू द्या.

अबोली_नाशिक
सासूबाईंनी वहीच घातलीये. पहिला दिवस कालवा, हे ठरलं. मग एक दिवस ग्रेज इन, सोन यांचं घर आणि पोस्टमन्स पार्क, शेवटी प्रार्थना. हायगेट-केनवूड हवा बघून. कापडांच्या नोंदणीचं नणंदेला कळवलं, सासूबाईंना पैठणीसारखं काही आहे का ते बघायचंय. मिस्टर ओल्ड बेलीला एकटे जाणार. ॲनर्ली पार्कवरून घरात वाद चालू आहे, सासूबाई म्हणतात लांब असलं म्हणून काय झालं.

वाचनवेडी
सासूबाईंच्या बाजूने माझं मत.

आणि सप्टेंबर म्हणालात ना, मग ओपन हाऊस फेस्टिव्हल बघा. दर वर्षी सप्टेंबरात असतो, एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती त्या दिवसांत लोकांना फुकट दाखवतात, सरकारी कचेऱ्या, जुनी सभागृहं, कुणाकुणाची राहती घरं सुद्धा. काही ठिकाणी नुसतं जाऊन रांगेत उभं राहायचं, काही ठिकाणी आधी बुकिंग लागतं आणि चांगल्या जागा भराभर जातात. कार्यक्रम ऑगस्टमध्ये जाहीर होतो, नणंदेला सांगून ठेवा. प्रत्येक जागेपुढे लिफ्ट, रॅम्प आहे की नाही ते लिहिलेलं असतं, ते बघूनच निवडा.